फळ्यावरचा पोपट

खडू अंबाड्यात खोचायचा आणि विचारायचं, "कशावरून?"

आमच्या शाळेतल्या बाईंची आठवण निघाली की हे दोन्ही एकदमच आठवतं. फळ्यावर लिहून झालं की त्या खडू टेबलावर ठेवत नसत, खोक्यातही टाकत नसत. हात सरळ डोक्यामागे जायचा. दिवसभरात तिथे तीन-चार खडू जमायचे आणि शाळा सुटताना शोधाशोध सुरू व्हायची, "माझा खडू कुणी घेतला रे?" लेकरं हसून हसून लोळायची. केसांवर कायम पांढरी धूळ. पहिल्या दिवशी मला वाटलं, बाई बऱ्याच वयस्कर दिसतात. वय होतं जेमतेम तीस. मी एकदा म्हणालोही, "बाई, खडूला खोका असतो." त्या माझ्या टकलाकडे बघून म्हणाल्या, "तुमची अडचण समजते सर."

मी डोंगरकडा या मोठ्या गावाच्या अलीकडे एका खेड्यात प्राथमिक शाळेचा मुख्याध्यापक आहे. तेव्हाही होतो. चार वर्ग, तीन शिक्षक, अंगणात कडुलिंब आणि कुंपणाला लागून केळीची बाग. अशी शाळा तुम्हीही पाहिली असेल; रस्त्याने येताना ती आधी ऐकू येते, मग दिसते. माझ्या वर्गाचे पाढे वारंगा फाट्याला जाणाऱ्या जीपमधल्या माणसांनाही ऐकू जात, याचा मला फार अभिमान होता. दुसरा अभिमान वह्यांचा. मी फळ्यावर गणित उत्तरासकट सोडवून द्यायचो, लेकरांनी ते उतरवून घ्यायचं, मी लाल पेनाने बरोबरची खूण करायची. वर्षाअखेरीस प्रत्येकाच्या तीन वह्या भरलेल्या. कुणी साहेब आले की मी वह्यांची चळत पुढे करायचो. साहेब वरची वही चाळायचे, "वा, वा" म्हणायचे आणि चहा घ्यायचे.

त्या चळतीत सगळ्यात वर असायची ती आयेशाची वही. काय अक्षर होतं त्या पोरीचं! दुसरीतलं लेकरू, पण आकडे मोत्यासारखे. वर्षभरात ती माझ्यासमोर पाच वाक्यंसुद्धा बोलली नव्हती. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. वही बोलते आहे ना, मग पोरीने कशाला बोलायचं?

अशा आमच्या सुखाच्या संसारात जूनमध्ये बाई आल्या. घर लांब, हट्टा गावाला, नवरा तिथेच शेती बघायचा. इथे डोंगरकड्याला खोली घेऊन रोज स्कूटीवर यायच्या. मी त्यांना तिसरीचा वर्ग दिला. म्हणजे माझीच मागच्या वर्षीची दुसरी. खोली तीच, फळा तोच, लेकरं तीच बावीस.

चौथ्या-पाचव्या दिवशी मी व्हरांड्यातून चाललो होतो. आतून बाईंचा आवाज आला, "आठ साते?"

"छप्पन्न!" सगळा वर्ग एका सुरात. माझी छाती फुगली.

"कशावरून?"

लेकरं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. मला राहवलं नाही. दारातूनच म्हणालो, "बाई, बरोबर आहे की. चला पुढे."

"बराबर तं हाय सर. पण कशावरून, ते पोरायला सांगता येऊन न्हाई राहिलं."

"पाढा आहे तो. पाढ्याला कशावरून नसतं."

बाईंनी खडू अंबाड्यात खोचला आणि अगदी आदराने विचारलं, "मंग तुमी सांगा नं सर. कशावरून?"

आता बघा, सव्वीस वर्षांची नोकरी झालेली. समोर डोळ्यांच्या बावीस जोड्या. मी म्हणालो, "आठ साते छप्पन्न, कारण... सात आठे छप्पन्न." मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मला एकदम ऑफिसातला फोन वाजल्यासारखा वाटला आणि मी तिथून निघालो.

मधल्या सुट्टीत बाईंना बाजूला घेऊन समजावलं. बरोबर उत्तर आलं की पुढे सरकावं, एवढ्या-तेवढ्यावर अडून बसलं तर पुस्तक पुरं होत नाही, वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सर, बराबर तं पोपट पण बोलते."

दुसऱ्या आठवड्यात मी वर्गात डोकावलो तर फळ्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात पुठ्ठ्याचा पोपट चिकटवलेला. हिरवागार, लाल चोचीचा. हा मलाच टोमणा आहे, असं मी धरून चाललो. म्हणालो, "बाई, फळा लिहायला असतो, सजवायला नाही."

"असू द्या सर. लेकरायला बरं वाटते."

मी दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोललो. तिसऱ्या दिवशी त्यांनीच घरच्या शेंगदाण्याच्या चटणीचा डबा पुढे केला, आणि चटणीशी माझं काही भांडण नव्हतं.

त्यांच्या पिशवीत चिंचोके असत. मूठ भरून वर धरायच्या, "किती असतील? आधी अंदाज, मंग मोजणी." हा नियम सगळ्यांना लागू. वर्ग पाहायला आलेल्या एका साहेबांपुढेही त्यांनी मूठ धरली. साहेब गंभीरपणे म्हणाले, पन्नास. निघाले तेवीस. तिसरीतल्या एका पोराने त्यांना धीर दिला, "पहिल्या दिवशी माझं पण असंच झालतं." खिचडी वाढायच्या आधी ताटं किती लागतील हे तिसरीने हिशोब करून सांगायचं. आमच्या खिचडीवाल्या मावशी पळी घेऊन दारात उभ्या, "अवं बाई, खिचडी थंडी होऊन राहिली, तुमचं गिनणं कधी सरते?" पण महिन्याभरात मावशीच ओरडायला लागल्या, "तिसरीवाले, आज किती रे?"

आणि केळीची बाग. बागवाल्या आप्पांची परवानगी काढून बाई सगळा वर्ग तिकडे घेऊन गेल्या. आप्पांनी एकच अट घातली, "मोजा वाटंल तेवढं, तोडू नका." मी ऑफिसच्या खिडकीतून बघत होतो. पाट्या घेतलेली बावीस लेकरं घडाखाली माना वर करून उभी. तासाभराने सगळी धावत माझ्याच ऑफिसात घुसली. पुढे आयेशा. दम लागलेला.

"सर, कशावरून ते सापडलं!"

"काय सापडलं?"

"एका फणीत दोन ओळी हायत. एका ओळीत सात केळी. चार फण्या घेतल्या तं आठ ओळी झाल्या. आठ वेळा सात. आमी मोजली सर, छप्पन्नच हायत!"

त्या पोरीचा आवाज मी पहिल्यांदाच नीट ऐकला. जाडसर, ठसक्याचा होता. मला फार आनंद झाला, आणि जरा लाजही वाटली, कारण केळीची ती बाग सव्वीस वर्षं नसली तरी नऊ वर्षं माझ्या खिडकीसमोरच होती.

पण गाव काही खिडकीतून बघत नाही. गाव वही बघतं.

आमच्याकडे ही रीतच आहे. लेकरू घरी आलं की बाप दप्तरातून वही काढतो. वाचता येत असो की नसो, पानं उलटतो. भरलेली दिसली की शाळा चांगली. आणि बाईंच्या वर्गाच्या वह्या दिवाळी झाली तरी पंधरा-वीस पानांच्या पुढे गेल्या नव्हत्या. त्यातही खाडाखोड, केळ्यांची चित्रं, अंदाज चुकला म्हणून काट मारलेली. कुजबुज सुरू झाली.

एके दिवशी टेलरचाचा आले. आयेशाचे आजोबा. गावातले सगळ्यात जुने टेलर आणि आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष. गळ्यात कायम मोजमापाचा टेप. नमाजाची वेळ सोडली तर तो उतरलेला मी पाहिला नाही. हातात दोन वह्या होत्या, एक मागच्या वर्षीची, एक यंदाची.

"सर, मागच्या साली पोरीनं तीन वह्या भरल्या. औंदा ही बघा. आर्धी कोरी. अन् त्यात केळी काढून ठेवली. आमी शिकलो न्हाई, पण इतकं तं दिसते."

"चाचा, शिकवायची पद्धत वेगळी आहे."

"बाई भल्या हायत. त्यायच्याबद्दल तकरार न्हाई. पण लेकराचं नुकसान होऊन राहिलं. फाट्यावरच्या इंग्लिश शाळेची गाडी गावात येते. तुमी टी.सी. द्या."

ही गोष्ट एकट्या आयेशाची नव्हती. चाचांचा शब्द गावात चालायचा. ते गेले की मागोमाग सात-आठ घरं जाणार. पट घसरला की आमच्यातला एक शिक्षक जादा ठरणार, आणि सगळ्यात नव्या बाईच होत्या. मी चाचांना कसंबसं शुक्रवारच्या पालकसभेपर्यंत थांबवलं. टी.सी.चा अर्ज ड्रॉवरात ठेवला.

बाईंना बोलावून सांगितलं, "शुक्रवारी पालकांचं समाधान झालं नाही तर सोमवारपासून वह्या भरून घ्यायच्या. माझा नाइलाज आहे."

त्यांनी स्वतःचं काहीच विचारलं नाही. म्हणाल्या, "आयेशा जाईल का हो सर?"

"चाचांनी ठरवलं तर जाईल."

"आत्ता कुठं बोलून राहिली ती." एवढंच बोलून त्या वर्गावर गेल्या. खरं सांगतो, मला वाईट वाटलं. पण मनाच्या एका कोपऱ्यात हायसंही वाटलं. आपली पद्धत शेवटी खरी ठरणार होती ना!

शुक्रवारी दुपारी कडुलिंबाखाली सतरंज्या टाकल्या. पालक एका बाजूला, लेकरं दुसऱ्या बाजूला. चाचा उठले, आयेशाची मागच्या वर्षीची वही त्यांनी उंच धरली आणि मग सगळ्यांत फिरवली. "असं काम पायजे," ते म्हणाले. बाया, बापे पानं उलटत होते, अक्षराची तारीफ करत होते. मी मान खाली घालून बसलो होतो, पण कान तारीफ टिपत होते.

"बाई, तुमाला काही सांगायचं?" चाचांनी विचारलं.

बाई उभ्या राहिल्या. अंबाड्यात दोन खडू. म्हणाल्या, "वही सुंदर हाय चाचा. पोरीचं अक्षर लई छान हाय." आणि खाली बसल्या. मला वाटलं, झालं, बाई हरल्या.

चाचांनी नातीला पुढे बोलावलं. तिच्या हातात जुनी वही दिली. "बोल बेटा, ही चांगली का ती?"

आयेशाने पहिलं पान उघडलं आणि तिथेच थांबली. एकदा पानाकडे बघितलं, एकदा चाचांकडे.

"दादा, हे चूक हाय."

"चूक कसं? सरांनी बराबरची खूण केली की."

"तरी पण चूक हाय."

"कशावरून?" चाचा म्हणाले, आणि लेकरांच्या बाजूला एकच खसखस पिकली. चाचांना बिचाऱ्यांना कळेना, आपण काय विनोद केला.

आयेशा मात्र हसली नाही. "टेप द्या दादा," म्हणाली, आणि त्यांच्या गळ्यातला टेप ओढून घेतला. तो उलटा केला. "तुमी इंचाची बाजू बघता. ही सेंटीमीटरची." जन्मभर कपडे शिवले, पण टेपाच्या त्या बाजूकडे चाचांनी कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. तिने एक टोक त्यांच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं. "वहीत लिहिलंय एकशे चोवीस अधिक पस्तीस. हे बघा एकशे चोवीस. इथून पस्तीस पुढं जायचं." ती बोटाने एक-एक घर मोजत निघाली. सव्वीस घरं झाली आणि दीडशेवर बोट थांबलं.

"टेप संपला दादा. आजून नऊ राह्यले. उत्तर टेपाच्या भाईर गेलं, एकशे एकोणसाठ. अन् वहीत लिहिलंय एकोणसाठ." तिने टेपावर एकोणसाठ शोधून दाखवलं, पार मागे. "मिळवल्यावर माणूस मागं काहून येईल?"

चाचांनी टेप हातात घेतला आणि स्वतः मोजलं. मग पुन्हा मोजलं. टेलर माणूस कशावरही शंका घेईल, टेपावर नाही. "टेप झूट न्हाई बोलत," ते म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. "सर?"

मी वही घेतली. पानावरचं पहिलंच गणित, १२४ अधिक ३५, उत्तर ५९. शेजारी माझी लाल खूण, खाली माझी सही. पान उलटलं. पहिलं गणित, १४२ अधिक १६, उत्तर ५८. बरोबर! पुढचं पान, तेच. कपाटातून बाकीच्या वह्या मागवल्या. एकविसाच्या एकवीस लेकरांच्या तशाच. प्रत्येक पानावरच्या पहिल्या गणिताला एक जास्तीचा एक. दुसरीच्या लेकरांना शंभरापुढची बेरीज मी शिकवलीच नव्हती. मग हा एक आला कुठून?

मी तडक वर्गात गेलो. मागून सगळी सभा. खडू घेतला आणि नेहमीच्या सवयीने फळ्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात २४ लिहिले. दोनाच्या अगदी शेजारी तो पोपट. हात पुढे केला आणि पोपट उचलला.

खाली खिळ्याचं भोक होतं. भोकाखाली वळत गेलेला ओरखडा. हुबेहूब १. कधीकाळी पाढ्यांचा तक्ता टांगायला मीच खिळा ठोकला होता, तक्ता पडायला लागला म्हणून मीच तो पकडीने उपटला होता. लेकरांनी फळ्यावर दिसेल ते इमानदारीने उतरवलं. उत्तर मी आयतं दिलेलंच होतं, तेही उतरवलं. आणि मी वर्षभर माझ्याच भोकाला लाल खुणा देत बसलो.

मी बाईंकडे बघितलं. त्या दाराशी उभ्या राहून फरशीकडे बघत होत्या. पोपट कुणासाठी चिकटवला होता, ते मला तेव्हा कळलं.

"चूक माझी आहे," मी सगळ्यांसमोर म्हणालो. "या वह्या मी भरून घेतल्या आणि मीच तपासल्या नाहीत."

चाचाच आधी खदाखदा हसायला लागले. "सर, शिलाईत असं झालं असतं तं हर सदऱ्याला एक बाही जास्ती लागली असती!" मग कोण थांबतंय! बाया पदरात तोंड घालून हसल्या, आप्पा हसले, मावशींच्या डोळ्यांतून पाणी आलं. मीही हसलो, दुसरा इलाज नव्हता.

मी विचारलं, "चाचा, ती टी.सी.?"

"कुठं घेऊन चाललो मी पोरीला," ते म्हणाले, "माझा टेप उलटा करून दाखवला तिनं." आणि टेप त्यांनी तिच्याच गळ्यात टाकला.

सगळे गेल्यावर मी बाईंना गाठलं. "तुम्हाला कधी कळलं होतं?"

"पहिल्याच आठवड्यात सर. जुन्या वह्या चाळल्या तवा."

"मग निदान आज तरी सांगायचं. तुमचीच नोकरी हलायची वेळ आली होती, बाई!"

त्यांनी अंबाड्यातला एक खडू काढून खोक्यात ठेवला. बहुधा पहिल्यांदाच. "भोक होतं, झाकून टाकलं. त्यात सांगायचं काय?"



बाई पुढे तीन वर्षं आमच्याकडे होत्या. माझ्या वर्गात आता चिंचोक्यांची मूठ वर जाते, केळीच्या बागेत मीही मान वर करून उभा राहतो. वह्या निम्म्याच भरतात आणि गावाची त्याबद्दल काही हरकत नाही. गेल्या उन्हाळ्यात त्यांची बदली झाली, हट्ट्याला, त्यांच्या घराजवळ. आनंदाचीच गोष्ट, तरी निरोपाच्या दिवशी मावशींनी खिचडीत मीठ दोनदा टाकलं. जाताना बाई पोपट हातात घेऊन विचारत होत्या, "नेऊ का सर?"

"न्या," मी म्हणालो. "भोक राहू द्या."

यंदा जूनमध्ये दुसरीचा वर्ग माझ्याकडे आला. पहिल्या दिवशी मी काही न बोलता त्या भोकाशेजारी २४ लिहिले, खाली ३५, आणि म्हणालो, "उतरवून घ्या." माना खाली गेल्या. पेन्सिली चालायला लागल्या. डोकावून बघितलं तर सगळ्यांचे एकशे चोवीस. मी वाट बघत राहिलो. शेवटी दुसऱ्या रांगेतली एक चिमुरडी उठली, तरातरा फळ्यापाशी आली, टाचा उंच केल्या तरी हात पुरेना, म्हणून माझी खुर्ची ओढून त्यावर चढली.

"सर, हे एक न्हाई. हे भोक हाय."

खडू ठेवायला माझा हात डोक्यामागे गेला. तिथे काहीच नव्हतं, म्हणून कानावर खोचला.

"कशावरून?" मी विचारलं.

"माझं बोट आत गेलं नं!"